फाट्यावरची बोट

१

सकाळी आंघोळ झाली की चहाच्या आधी मी तांब्याभर पाणी घेऊन फाट्यावर जाते. घरापासून चाळीस-पन्नास पावलं. रस्त्याच्या कडेला एस.टी.ची पत्र्याची शेड आहे, तिच्या शेजारी आमच्या गावची बोट. मुरबाडहून माळशेजकडं जाणारे लोक गाडीतून वाकून वाकून बघतात. सिद्धगडाचा डोंगर डोक्यावर आणि समुद्राचा पत्ता नाही, अशा ठिकाणी सिमेंटची करडी बोट कशाला, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

बोट दोन बैलगाड्यांएवढी लांब. पोट फुगीर, दोन्ही टोकं निमुळती, पाठीवर एक चौकोनी टेंगूळ आणि त्या टेंगळातून वर आलेली लोखंडी नळी. मनगटाएवढी जाड, माझ्या छातीशी येईल इतकी उंच. पाण्याखाली बसून वरचं बघायला तसली नळी असते म्हणे. पुढं काळा दगड आणि त्यावर तीन नावं. मला वाचता येत नाही, पण तिसरी ओळ आमची हे माहीत आहे. शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं होतं. पहिला कमळू, शहापूरचा. दुसरा बुधू, टोकावड्याच्या पलीकडचा. तिसरा माझ्या अनिलचा बाप. तिघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पाणबुडीवर गेले, आणि लढाईत ती पाणबुडी गेली ती परत आली नाही.

स्मारक होऊन पंधरा वर्षं झाली. उद्घाटनाला मोठी माणसं आली, हार घातले, भाषणं केली, निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी एकटी तिथं गेले तेव्हा काय करावं सुचेना. आमच्याकडं दगड उभा केला, मग तो वेशीवरचा असो की शेताच्या बांधावरचा, की त्याला पाणी घालतात. मीही घातलं. तेव्हापासून रोज एक तांब्या. मी आजारी पडले तर नात घालते, मनस्वी. पण खाडा नाही.

यंदा घट उठल्यानंतरची गोष्ट. पाणी घातलं, हात जोडले, आणि का कोण जाणे, खाली बघितलं. चौथरा कोरडा होता.

२

उन्हानं तापलेलं सिमेंट पाणी पिऊन घेतं, असं मी मनाशी म्हटलं. पण सकाळ होती. शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं.

दुसऱ्या दिवशी तांब्याऐवजी कळशी नेली. बोटीच्या पाठीवर हळूहळू ओतली आणि बघत राहिले. पाणी पाठीवरून पसरलं, पोटाकडं वळलं, पोटाखाली गेलं. तिथून ते खाली पडायला हवं. पडलं नाही. मी वाकून पोटाखाली हात फिरवला. तव्यासारखं कोरडं.

बोट बांधणारा वाल्मिक गवंडी पलीकडच्या ढाब्याला गिलावा करत होता. त्याला गाठला.

"वाल्मिक, बोट आतून पोकळ हाय काय रे?"

"कशाला? राहायला जायचंय?"

"विचारते ते सांग."

"आजी, सहा ट्रॅक्टर डबर भरलाय आत. मी सोता उभा राहून भरलाय. वरनं काँक्रीट. आत मुंगीला कूस बदलायला जागा नाय."

"मग पाणी जातं कुठं?"

"चीर गेली असंल बारीक. जमीन पिते." त्यानं थापी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "तुला काय चौथरा धुवून काढायचाय का? पाणी गेलं तर गेलं."

बरोबर बोलला. पाणी गेलं तर गेलं. मी त्याचा चहा घेतला आणि घरी आले. भात लावला, निवडायचं ते निवडलं. दिवसभर हातांना कामं होती.

३

अनिलचा बाप भरती होऊन गेल्यावर दोनदाच रजेवर आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि अनिल पोटात होता. अंगाला तेलाचा वास यायचा, किती आंघोळी केल्या तरी. बोलायचा एकदम हळू. मी विचारलं, आवाज बसला का? तर म्हणाला, आमच्या बोटीत हवा मोजकी असते. जास्त बोललं की जास्त लागते. सवय झाली.

मला त्या बोटीचं काही डोक्यात शिरेना. मग त्यानं घंगाळ भरून घेतलं. एका पेल्याच्या तळाला भाकरीचा तुकडा चिकटवला, पेला उपडा केला आणि सरळ पाण्यात दाबला. बाहेर काढून तुकडा माझ्या हातात दिला. कोरडा ठाक.

"बघ. भाकर भिजली नाय. आमी तसे."

चार महिन्यांनी कागद आला. पोलीसपाटील, मास्तर आणि मुरबाडहून आलेला एक साहेब ओटीवर बसले. साहेबानं सांगितलं, बोट बुडाली. माझी सासू दाराआडून बाहेर आली. तिनं विचारलं, "बुडाली म्हंजे काय? ती पाण्याखाली जायालाच केलेली हाय ना?"

साहेब म्हणाला, हो.

"मग ती पाण्याखाली हाय. त्यात बुडाली काय?"

मास्तर जमिनीकडं बघत राहिले. सासूनं तेवढ्यावरच ठरवून टाकलं. "माझा पोरगा कामावर हाय," असं ती त्या दिवशी बोलली आणि पुढं बत्तीस वर्षं, मरेपर्यंत, तेच बोलली. घरात रडायचं नाही. त्याचं मागचं काही करायचं नाही. माझं कुंकू तिनं आपल्या हातानं लावलं, रोज, मी लावायला चुकीन म्हणून.

ती गेल्यावर भाऊबंदांनी सांगितलं, आता तरी करून टाका. अनिल तयार होता. त्यानं बाप बघितलाच नव्हता, त्याला कसलं काय वाटणार. मी म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. दर वर्षी तेच म्हणाले. कुणी विचारलं, का, तर सांगता आलं नसतं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. पाय वळवून बसलं की मुंग्या येतात आणि मग काहीच कळत नाही, तसं माझं त्या बाजूचं कळणं बंद झालं होतं.

४

चौथरा कोरडा दिसल्यावर पाच-सहा दिवसांनी मी बोटीला कान लावला. मुद्दाम नाही. पाणी घालून झालं, उभ्या उभ्या जरा चक्कर आली, म्हणून टेकले. गाल सिमेंटवर आला.

आत आवाज होता.

हायवेवरनं ट्रक जातात, त्यांची घरघर असेल. ट्रक गेला, तरी होता. ढाब्याच्या बोअरची मोटर असेल. मोटर बंद होती, मी बघून आले. मग माझा कान असेल. दुसरा लावला. दोन्ही कानांत तोच.

तो आवाज मला ओळखीचा होता, म्हणूनच मी इतकी कारणं शोधत होते. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढतात. मोटर जेवढं ओढते तेवढं ओढते, मग तळाशी गुडघाभर राहतं ते माणूस उतरून डब्यानं उपसतो. डबा तळाला घासतो, खर्र. भरतो, गुळुक. मग माणूस उचलतो तेवढा वेळ काही नाही. मग ओतल्याचा आवाज. परत खर्र.

एकच डबा होता. एकच माणूस.

मी तशीच उभी राहिले. शेडमध्ये दोन पोरी कॉलेजच्या बसची वाट बघत मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. एकीनं वर बघून विचारलं, "आजी, काय ऐकतेस?" मी म्हणाले, काही नाही.

दहा वाजेपर्यंत आवाज भराभर होता. नंतर मधला वेळ वाढत गेला. साडेअकराला मी परत गेले, तेव्हा दोन डब्यांच्या मध्ये मी सावकाश वीस म्हणू शकले. बाराच्या सुमाराला थांबला.

दुसऱ्या दिवशी अर्धाच तांब्या घातला. नऊला थांबला.

तिसऱ्या दिवशी दोन तांबे. दुपारी जेवून गेले तरी चालू होता. शेवटी शेवटी तर डबा उचलून ओतायच्या आधीच हातातून सांडल्यासारखा व्हायचा. म्हातारं माणूस पाणी भरतं तसा.

वीस वर्षांचा होता तो गेला तेव्हा.

मी हिशोब केला नाही. हिशोब आपोआप झाला. पंधरा वर्षं, रोज सकाळी एक तांब्या.

५

मी पाणी घालायचं बंद केलं. नुसतं फूल ठेवून यायचे. चार दिवस आत काही नव्हतं. त्या चार दिवसांत मला चांगली झोप लागली, भूकही लागली.

पाचव्या दिवशी कान लावला तर डबा चालू.

मग मी शेडमध्येच बसून राहिले, पदर डोक्यावर घेऊन. बघते तर काय, एक बाई मोटारसायकलवरून उतरली, बिसलरीची बाटली उघडली, अर्धी बोटीवर ओतली आणि कान पकडून पाया पडली. थोड्या वेळानं गावातली सुरेखा आली, हंडा घेऊन. मी तिला हटकलं.

"तू कशाला गो पाणी घालतेस?"

"तुमीच घालता ना? माझ्या पोराचं भरतीचं काम हाय. वीराला पाणी घातलं की होतं."

"कोण बोललं?"

"भरती जवळ आली की सगळीच घालतात." ती हसली. "तुमी काय आजी, नवरा एकटीचाच ठेवणार?"

मी तिच्या हातातला हंडा धरला. तिनं काढून घेतला. रागावली नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातून काढून घेतात तसा काढून घेतला, आणि सगळा ओतला.

६

शहापूरला कमळूची धाकटी बहीण आहे, गोजर. मुरबाडला बस बदलून गेले. बाजारात तिच्या मुलाचं वाणसामानाचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर ती वाल निवडत बसली होती.

"अगो बया, वयनी! एवढ्या उन्हाच्या? पोरानं हाकललं का काय?"

"नाय गो. विचारायचं होतं. कमळूचं तुमी काय केलंत?"

"काय केलंत म्हंजे?"

"मागनं."

तिनं सूप खाली ठेवलं. "केलं की. माणूस नव्हता तर दर्भाचा केला. नदीवर नेला. बाबानं आग दिली. आई तीन दिवस पडून होती, चौथ्या दिवशी उठली नि भाकऱ्या थापाया बसली. त्याच महिन्यात. बुधूच्या घरच्यांनी पण तसंच." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या सासूनं तेव्हा आमाला काय काय नावं ठेवली. पोराला जित्ता जाळलात बोलली. माझ्या आईच्या तोंडावर."

"तुला कधी त्याचा... तू बोटीपाशी येतेस तेव्हा कधी ऐकू येतं काय?"

"कोणाचं?"

"कमळूचं."

"वयनी, तो मेला," गोजर म्हणाली. ती माझ्या कपाळाकडं बघत होती. "तुमी अजून लावता?"

मी उठले. ती म्हणत होती बसा, चहा सांगते, पोराला गाडीनं सोडायला लावते. मी पहिली मिळाली ती बस धरली. मुरबाडपर्यंत खिडकीशी बसून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. दगडावर नावं तीन आहेत. डबा एक.

७

डिसेंबरात आमच्या गावात बोटीचा दिवस असतो. घरटी एक कलश घेऊन बाया रांगेनं येतात आणि बोटीवर पाणी घालतात. गाव दोनशे घरांचं. आधीच्या वर्षांमध्ये मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सरपंच किशोर माझ्यासमोर वाढलेला. त्याच्याकडं गेले.

"किशोर, यंदा पाणी नको घालू दे कुणाला. फुलं वाहा, नारळ फोडा, काय करायचं ते करा. पाणी नको."

"का गो आजी?"

"नको."

"अगो, यंदा तर नेव्हीचे साहेब येणार हायेत. मी घरटी दोन कलश सांगितलेत. शाळेची पोरं वेगळी." त्यानं मला खुर्ची दिली. "नि प्रथा कोणाची? तुझी. बोर्डावर रंगवून घेतलंय मी, वीरपत्नींनी सुरू केलेली जलांजली म्हणून. आता तूच नको बोलतेस? पाण्याची काळजी करतेस का? कमी पडलं तर टँकर मागवतो."

अनिलला सांगितलं. तो मुरबाडच्या कंपनीत फिटर आहे, दोन वर्षांनी रिटायर होईल. शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आये, उद्या कान दाखवू."

डॉक्टरांनी मळ काढला. त्यानंतर मला जास्त स्वच्छ ऐकू येऊ लागलं. डबा घासताना कुठं खड्डा आहे, कुठं सपाट, तेही कळायचं. आणि मधल्या वेळातला श्वास. हळू, मोजून घेतलेला.

एका रविवारी अनिलला घेऊन गेले. "लाव कान," म्हणाले. त्यानं इकडं तिकडं बघून लावला. मी पाणी घातलं नव्हतं, पण कुणीतरी घातलेलं होतंच. अनिल बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला.

"काय नाय," तो म्हणाला. पण काही नसलेलं ऐकायला माणूस इतका वेळ वाकत नाही.

घरी येताना रस्ता ओलांडल्यावर तो थांबला. "आये, तू बोल फक्त. बोल की बाप गेला. मी उद्याच्या उद्या भटजींना आणतो, दर्भाचा करतो, सगळं करतो. बोटीच्या दिवसाच्या आधी उरकून टाकू. पण तुझ्या तोंडानं बोल. तू नाय बोललीस तर मी कोण?"

मी तोंड उघडलं.

आता तुम्हीच सांगा. जो माणूस ह्या वयात तळाशी वाकून माझंच ओतलेलं पाणी उपसतोय, जगायची एवढी धडपड करतोय, तो गेला असं मी कोणत्या तोंडानं बोलू?

शेवटी मी सवयीनं बरोबर नेलेला रिकामा तांब्या अनिलनं आपल्या हातात घेतला आणि घराकडं चालू लागला.

८

बोटीच्या दिवशी सकाळी नऊलाच लाउडस्पीकर लागला. मंडप, झेंडे, शाळेच्या पोरांचं बँडपथक. मला चौथऱ्यावर खुर्ची दिली, बोटीला अगदी लागून, फोटोत येईल अशी. पांढऱ्या कपड्यातले नेव्हीचे साहेब माझ्या पाया पडले. तरुण होते. अंगाला साबणाचा वास.

मी डावा हात मागं नेऊन तळवा बोटीवर ठेवला. कानाची गरज नव्हती.

बाया यायला लागल्या. एक कलश, दोन कलश. पाणी पाठीवरून वळायचं, पोटाखाली जायचं आणि नाहीसं व्हायचं. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. सगळ्या फोटोकडं बघत होत्या. माझ्या तळव्याखाली डबा चालू झाला. आधी रोजच्यासारखा. मग भराभर. वीस वर्षांच्या माणसाला जमेल असा भराभर. मला कळेना ही ताकद आता कुठून आली.

"आजी, इकडं बघ," मनस्वी मोबाइल धरून ओरडली. मी बघितलं.

पन्नास-साठ घरं झाली असतील. डबा खर्र करेनासा झाला. तळाला लागतच नव्हता, इतकं पाणी. मग डब्याचाही आवाज गेला आणि नुसते हात राहिले. दोन्ही हातांनी पाणी ढकलल्याचं जे होतं ते. रांग संपत नव्हती. सुरेखा दोन हंडे घेऊन आली. पोरं बाटल्या घेऊन आली. किशोर माइकवर नावं पुकारत होता.

मी उठून उभी राहू शकले असते. आडवी पडू शकले असते बोटीवर. मी बसून राहिले. माझा तळवा माझा वाटत नव्हता.

मग आत शांत झालं. थांबलं नाही, नुसतं शांत झालं. कुणीतरी उंच जागा शोधून तिथं चढून बसावं तसं.

"आणि आता मानाचा शेवटचा कलश," किशोर म्हणाला, "आपल्या सर्वांच्या शकूआजींच्या हस्ते."

तांब्याचा कलश माझ्या हातात दिला. वर चढायला अनिलनं दंड धरला. मी त्या टेंगळापाशी, नळीच्या समोर उभी राहिले. आणि नळीतून माझ्या तोंडावर वारा आला.

भांडं भरत आलं की आतली हवा जशी तोंडाशी येते, तशी. कोमट. त्याला तेलाचा वास होता. त्या तेलाचा, कितीही आंघोळी केल्या तरी न जाणारा.

मी नळीत बघितलं.

आत, तोंडापासून टीचभर खाली, चार बोटांची टोकं होती. नळीच्या कडेला धरून. पांढरी, सुरकुतलेली, लावणीच्या दिवसांत आठवडाभर चिखलपाण्यात राहून होतात तशी. नखं बारीक कापलेली. त्यांच्या मागं काही होतं का ते मी बघितलं नाही. बोटं वाट बघत होती. थरथरत नव्हती. दमून गेलेल्या माणसाची बोटं.

"आये," अनिल खालून म्हणाला, "घाल. सगळे थांबलेत."

"राघो," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा नाव घेतलं.

बोटं मागं सरकली. घसरली नाहीत. शेडमध्ये कुणाला बसायला जागा देण्यासाठी माणूस बाजूला सरकतो, तशी सरकली.

मी कलश नळीवर आडवा केला आणि सगळा ओतला.

खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच बोटीच्या पोटाखालून पाणी फुटलं. चौथऱ्यावरून, दगडावरून, सगळ्यांच्या पायांतून, नेव्हीच्या साहेबांच्या पांढऱ्या बुटांवरून वाहत रस्त्यापर्यंत गेलं. बाया ओरडून लुगडी वर धरायला लागल्या, पोरं नाचायला लागली. वाल्मिक गवंडी मागं उभा होता, त्याला मी स्वच्छ ऐकलं. "एवढं कुठून आलं?"

९

घरी आलो. मनस्वीनं भात लावला होता. मी हात धुऊन बसले, वाढलं तेवढं जेवले. आमटीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं. अनिल ओटीवर बसून होता, चपला न काढता.

ताट धुऊन उपडं घातलं आणि बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले.

"भटजींना सांगून ये," मी म्हणाले. "बापाचं करायचंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग उठला. अंगणात उतरल्यावर त्याला काहीतरी आठवलं आणि तो परत वळला.

"आये, भटजी विचारतील. मेल्याची तिथी कोणती सांगू?"

"आजची," मी म्हणाले.